आइसलँडचा वर्तुळमार्ग: वाऱ्याच्या हिशेबाने आखायचा प्रवास

आइसलँडच्या बेटाला वळसा घालणारा पहिल्या क्रमांकाचा रस्ता, म्हणजे तेथील लोकांचा ‘ह्रिंगवेगुर’ किंवा वर्तुळमार्ग, सुमारे 1,322 किलोमीटर लांबीचा आहे. डांबरी रस्त्यावरची ताशी 90 किलोमीटरची वेगमर्यादा धरून भागाकार केला, तर पंधरा तासांत बेट पालथे घालता येईल असे उत्तर मिळते, आणि परदेशी पाहुण्याची आखणी बहुधा या भागाकारापाशीच फसते. हे वर्तुळ 1974 सालापर्यंत पूर्णच झालेले नव्हते, कारण दक्षिणेला स्केइदारारसांदुर नावाचे वाळूचे विस्तीर्ण मैदान आडवे येत होते आणि हिमनद्यांतून निघून पात्र बदलत राहणारे त्यावरचे प्रवाह पुलांनी ओलांडणे सोपे नव्हते. ते पूल झाल्यावर 1996 च्या नोव्हेंबरात बर्फाखालच्या ज्वालामुखीने वितळवलेले पाणी एकाएकी फुटून बाहेर पडले (अशा पुराला ‘योकुल्हलाउप’ म्हणतात) आणि त्याने एक पूल पुरता वाहून नेला, तर सर्वांत लांब पुलाचे काही भाग मोडले. पुराने पिळवटलेल्या पुलाच्या लोखंडी तुळया आजही रस्त्याकडेला ठेवलेल्या आहेत.

आखणीचा पहिला निर्णय म्हणूनच स्थळांचा नसून ऋतूचा असतो. जूनच्या उत्तरार्धात रेक्याविकमध्ये सुमारे एकवीस तास सूर्य क्षितिजावर असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस जेमतेम चार तास, त्यामुळे उन्हाळ्यातील एका दिवसाचा टप्पा हिवाळ्यात दोन दिवसांचा होतो. आतील उच्च प्रदेशातील ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असते, ते साधारणपणे जूनच्या मध्यानंतर किंवा जुलैमध्ये खुले होतात आणि त्यांवर चारही चाकांना शक्ती पोचवणारी गाडीच न्यावी लागते. ज्याने स्वस्तातली छोटी गाडी भाड्याने घेतली, त्याने हे रस्ते नकाशावरून खोडून टाकलेले बरे.

टप्पे पाडताना अंतराचा तक्ता आणि प्रत्यक्ष वेळ यांत किती तफावत पडते, हे रेक्याविक ते व्हिक या सुमारे 187 किलोमीटरच्या पट्ट्यावर स्पष्ट दिसते. नुसती गाडी हाकली तर अडीच तास पुरतात. परंतु वाटेत सेल्यालांड्सफॉस हा धबधबा लागतो, ज्याच्या पडद्यामागून चालता येते आणि चालणारा हमखास भिजतो, त्यानंतर स्कोगाफॉस येतो, जेथे वरच्या सज्जापर्यंत शेकडो पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी गाडी लावणे, कपडे बदलणे, मुलांना पुन्हा आत बसवणे यांत जाणारा वेळ कोणत्याच नकाशात दाखवलेला नसतो. दिवसाला दोनशे ते अडीचशे किलोमीटर हे कुटुंबासाठी पुरेसे माप होय. त्यापुढे फक्त काच आणि डांबर पाहणे उरते.

पूर्वेकडे दिशादर्शक यंत्राचा सल्ला पारखून घ्यावा लागतो. होप्न गावाहून एगिल्स्स्तादिर गावाला जाताना यंत्र पुष्कळदा ओक्सी नावाच्या खिंडीतून जाणारा 939 क्रमांकाचा रस्ता सुचवते, कारण तो 60-70 किलोमीटर वाचवतो. मात्र तो खडीचा, चढाचा आणि बर्फ पडल्यावर बंद होणारा असून, पूर्व फियोर्डांच्या, म्हणजे डोंगरात खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांच्या, काठाने जाणारा मूळ मार्ग लांबचा असला तरी भरवशाचा आहे. खडीवर वेगमर्यादा 80 ची आहे, पण तेथे ती गाठण्याची घाई शहाणा चालक करीत नाही. एकपदरी पुलांवर जो आधी पोचतो त्याला आधी जाऊ देण्याचा रिवाज आहे. उन्हाळ्यात मेंढ्या मोकाट असतात आणि मेंढी रस्त्याच्या एका बाजूला व कोकरू दुसऱ्या बाजूला दिसले, तर कोकरू आईकडे धावणार हे धरूनच वेग कमी करावा लागतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्या चालकाला यात उजव्या बाजूने गाडी चालवण्याची भर पडते. योगायोग असा की आइसलँडही 26 मे 1968 पर्यंत डावीकडूनच चालत होता.

खरा अडथळा मात्र वारा. तेथील रस्तेखात्याच्या ऑनलाइन नकाशावर सुकर रस्ता हिरवा आणि बंद रस्ता लाल दाखवतात, आणि जागोजागी वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंद या मापात दिलेला असतो. या आकड्याला 3.6 ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात, म्हणजे वीसचा आकडा ताशी 72 किलोमीटरचा वारा सांगतो, आणि झोत त्याहून जोरदार असतात. कॅम्परव्हॅनसारख्या उंच गाडीने असा दिवस मुक्कामीच काढावा. गाडी थांबवताना तिचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे आणि दार एका हाताने घट्ट धरूनच उघडावे, कारण पाठीमागून आलेला झोत दार बिजागरीसकट उलटे फिरवतो आणि हे नुकसान भाड्याच्या गाडीच्या सर्वसाधारण विम्यात बहुधा धरलेले नसते. खडीने काच फुटणे, वाळू-राखेने रंग खरवडला जाणे आणि नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरणे यांच्या अटीही वेगवेगळ्या असतात. पहिल्या दोहोंसाठी जादा पैसे भरून संरक्षण घेता येते, तिसऱ्याचा भुर्दंड सहसा स्वतःच सोसावा लागतो. कॅम्परव्हॅन घेतली म्हणून वाटेल तेथे रात्र काढता येत नाही; नेमलेली तंबूस्थळे किंवा जमीनमालकाची परवानगी हेच दोन पर्याय आहेत.

मोकळा दिवस प्रवासाच्या शेवटी ठेवण्याची सवय येथे कामाची नाही. रेक्याविकपासून होप्न सुमारे 460 किलोमीटरवर आहे आणि त्यापुढे वर्तुळ पुरे करायला साडेआठशेहून अधिक किलोमीटर उरतात. पूर्वेकडचा रस्ता वाऱ्याने बंद झाला तर एक दिवस थांबून पुढे जाणे किंवा आल्या वाटेने परतून आकुरेरी शहर आणि मीवात्न सरोवर असलेला बेटाचा उत्तर भाग सोडून देणे, एवढेच हाती राहते. मोकळा दिवस होप्नपाशी राखून त्यापुढच्या सर्व खोल्या, चार पैसे जास्त पडले तरी, आयत्या वेळी रद्द करता येतील अशाच अटींवर घ्याव्यात.