दिवाळीत मोत्या-मनीकडेही लक्ष असू द्या

दिवाळी आठवड्यावर आली की आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. चकलीची भाजणी, पडद्यांची धुलाई, मुलांचा किल्ला! या गडबडीत घरातला मोत्या किंवा मनी काय खाते आहे, इकडे कुणाचे लक्ष असते?

फटाक्यांची भीती सगळ्यांना ठाऊक असते, फराळाच्या ताटाची नसते. मैत्रिणींनो, रव्याच्या लाडवावरचा एवढासा बेदाणा! पण बेदाणे, मनुका, द्राक्षे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, तर एखाद्याला थोडेसेही बाधते. आधी सांगता येत नाही. म्हणून लाडू नको आणि बेदाण्यांचा चिवडाही नको. चॉकलेट, कांदा हेही विषच. पाहुणे कौतुकाने घास टाकतात, त्यांना हसतहसत पण स्पष्ट सांगा. वाईट वाटले तर वाटू दे बाई! आणि बेदाणे पोटात गेलेच, तर उलट्यांची वाट न पाहता लगेच पशुवैद्यांना फोन करा.

फटाक्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली होती. आपल्या गल्लीत ती किती पाळली जाते, हे तुम्ही जाणताच! तेव्हा कुत्र्याला उजेडीच फिरवून आणा. दिवेलागणीनंतर आतली खोली, खिडक्या बंद, रेडिओ चालू. पलंगाखाली दडला तर ओढून काढू नका. जवळ घेतल्याने भित्रेपणा वाढतो म्हणतात, ते खरे नाही. खुशाल कुरवाळा. मात्र येणारे-जाणारे दार उघडे टाकतात आणि घाबरलेले कुत्रे सुसाट सुटते. गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर हवाच.

मांजरीचे वेगळेच. पणती फळीवर ठेवली तर बाईसाहेब तिथेही हजर! तेव्हा मनी असेल त्या खोलीत विजेचे दिवेच बरे. भाजलेच तर निदान दहा मिनिटे गार पाणी सोडा, बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको. आणि घरातली तापाची गोळी तर मुळीच नको. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते.

लक्ष्मीपूजनाला पशुवैद्यांचे दवाखानेही बंद असू शकतात. त्या रात्री कोण भेटेल, हे वसुबारसेच्या आधीच विचारून घ्या आणि नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.