रायगडाचे दोन उन्हाळी दिवस

रायगडावर वर्षातून दोनदा माणसांची रीघ लागते, ती चैत्री पौर्णिमेला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. चैत्रात कातळ तापलेला असतो आणि टाक्यांतलं पाणी तळाला गेलेलं असतं. ज्येष्ठात वळिवाचे ढग टकमक टोकावरून आत येतात नि महादरवाजाच्या पायऱ्या निसरड्या होतात. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांना इथे राज्याभिषेक झाला आणि ३ एप्रिल १६८० रोजी इथेच त्यांनी देह ठेवला. म्हणून पुण्यतिथीचा उत्सव उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो आणि राज्याभिषेकाचा त्याच्या अखेरीस. यांतला आज अधिक गाजतो तो दुसरा, पण गडावरच्या उत्सवाचा पाया पहिल्याने घातला.

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गड पाडला आणि वाडे जळाले. त्यानंतर कित्येक दशकं तिथे धनगरांची घरं, गुरं नि रान यांशिवाय फारसं काही उरलं नाही. जगदीश्वराच्या देवळासमोरची महाराजांची समाधी झाडोऱ्यात गेली. जोतीराव फुल्यांचा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा १८६९ साली प्रसिद्ध झाला. ते गडावर येऊन समाधीपाशी गेल्याची आठवण परंपरेने जपली आहे. १८८३ साली जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने समाधीच्या दुर्दशेबद्दल लिहिलं, आणि परक्याने ते लिहावं याची बोच महाराष्ट्राला लागली. सरकारने देखभालीसाठी रक्कम मंजूर केली, ती वर्षाला पाच रुपये!

या पाच रुपयांनी लोकांना जागं केलं असं माझं मत आहे. ‘केसरी’त टिळकांनी विषय लावून धरला. ३० मे १८९५ रोजी पुण्यात हिराबागेत सभा भरली आणि समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी जमवायचं ठरलं. पाठोपाठ १८९६ साली गडावर पहिला उत्सव झाला. क्रम पाहावा. आधी पडक्या समाधीची काळजी, मग तिच्यासाठी वर्गणी, आणि वर्गणी देणाऱ्यांना एकत्र आणायला उत्सव. मिरवणूक हे त्याचं मूळ नव्हे, डागडुजी हे मूळ आहे. आजच्या आयोजकांनी हे मनात ठेवावं असं मला कळकळीने वाटतं.

जूनमधल्या राज्याभिषेक उत्सवाचा पहिला मोठा प्रसंग मात्र गडावर नव्हे, पुण्यात घडला. १८९७ च्या जूनमधल्या त्या उत्सवात झालेली भाषणं ‘केसरी’ने छापली. आठवड्याभरात पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सरकार या उत्सवाला केवढं भ्यालं होतं, ते त्या शिक्षेत दिसतं. एवढं होऊनही जीर्णोद्धाराचं काम पाहणाऱ्या श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळाने ते सोडलं नाही. समाधीवरची आजची छत्री उभी राहायला १९२६ च्या आसपासचा काळ उजाडला, म्हणजे हिराबागेतल्या ठरावाला तीस वर्षं लोटली होती.

गडाचा मान सगळ्यांचा, याची खूण त्यानंतर लगेच सापडते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेनंतर बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह रायगड पाहायला आले होते. चवदार तळ्याचा लढा आणि हा गड एकाच तालुक्यात आहेत, हे महाडकर अभिमानाने सांगतात आणि त्यांनी ते सांगितलंच पाहिजे.

पुण्यतिथीचा रिवाज अजून शांत आहे. जगदीश्वराच्या आवारात कीर्तन होतं, हनुमान जयंतीच्या सकाळी पूजा नि अभिषेक होतो, समाधीला मानवंदना दिली जाते, सरदार घराण्यांच्या वंशजांचा सन्मान होतो. जूनचा सोहळा वेगळा. आदल्या दिवशी गडपूजन होतं. रात्रभर तरुण मंडळी चित् दरवाजाकडून वर चढत राहतात, चौदाशेहून अधिक पायऱ्या. पहाटे राजसदरेवर गर्दी उभी राहते. नद्यांच्या पाण्याने उत्सवमूर्तीला अभिषेक होतो, मग पालखी होळीच्या माळावरून जगदीश्वराकडे निघते, पुढे मर्दानी खेळ आणि ढोलताशे. १९९६ पासून हिरकणीवाडीहून रोपवे आहे, तरी बहुतेकांना पायीच जायचं असतं. २०२३ साली, साडेतीनशेव्या वर्षाच्या आरंभी, २ जूनला तिथीचा आणि ६ जूनला तारखेचा असे दोन सोहळे झाले. तिथी की तारीख यावर वाद घालण्यापेक्षा गडाला दोनदा माणसं आली याचा आनंद मला मोठा वाटतो.

या दिवसांत पाचाड, रायगडवाडी, हिरकणीवाडी ही गावं राबतात. घरोघर पिठलं-भाकरी, ताक, लिंबू सरबत. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांत, १७ जून १६७४ रोजी, त्या तिथे गेल्या. वर जाणाऱ्या प्रत्येकाने आधी तिथे थांबावं. आणि वाकडी वाट करून पोलादपूर तालुक्यातही जावं. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, तर पोलादपुरात ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची. त्यांचं काव्य राज्याभिषेकापर्यंत पोचण्याआधीच खंडित होतं. सोहळ्याचं वर्णन त्यांच्या लेखणीतून आपल्याला मिळालं नाही, ही चुटपुट समाधीपाशी उभं राहिल्यावर जास्तच लागते.

अलीकडच्या कामांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हत्ती तलावाचं. तो कित्येक वर्षं गळत होता, पावसाळा संपला की कोरडा. रायगड विकास प्राधिकरणाच्या कामात गळती काढली गेली आणि २०२० च्या पावसात तलावात पुन्हा पाणी ठरलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत रायगड आहे. आता गर्दी वाढेल. पिण्याचं पाणी, शौचालयं, उतरताना होणारी चेंगराचेंगरी, वाड्यांच्या जोत्यांवर चढणारी पावलं, या सगळ्याची सोय सोहळ्याच्या खर्चात पहिल्या ओळीला यायला हवी आणि ढोलताशांचा आकडा तिच्या खाली.