ब्लोअर फक्त चारवरच चालतो? फ्यूजच्या भरवशावर राहू नका

पाऊस सुरू झाला की एक तक्रार हमखास येते. घाटात काच आतून धुरकट होते, आपण ब्लोअर लावतो, तर एक, दोन, तीनवर तो गप्प. चारवर मात्र भर्रकन सुरू! माझ्या जुन्या छोट्या पेट्रोल गाडीत अगदी हेच झालं होतं, म्हणून आज त्यावरच बोलू.

आपण म्हणतो ‘हीटरची वायरिंग’. पण साध्या पेट्रोल-डिझेल गाडीत उष्णता इंजिनच्या गरम कूलंटमधून येते. वीज लागते ती पंख्याला, म्हणजे एसीची हवा फेकणाऱ्या त्याच ब्लोअरला. इलेक्ट्रिक गाडीचं प्रकरण वेगळं. तिथे नारिंगी केबल दिसली की हात लांब ठेवायचा.

आता, चारवर चालतो म्हणजे मोटर जिवंत आहे. चारवर तिला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. खालच्या तीन स्पीडला करंट रेझिस्टरमधून जातो, म्हणून पंखा हळू फिरतो. त्यामुळे संशय जातो रेझिस्टरवर आणि त्याच्या कनेक्टरवर. माझ्या गाडीत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे होता. कनेक्टर ओढला, तर प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं आणि एक पिन काळी पडलेली.

आणि फ्यूज? एकदम शाबूत! लोकांचा घोटाळा इथेच होतो. फ्यूज जास्त करंट बघतो, उष्णता नाही. समजा पिन ढिली झाली आणि तिथे फक्त ०.१ ओहम अडथळा तयार झाला. १५ अँपिअर करंट असेल तर त्या एका टोकावर साडेबावीस वॉट उष्णता निघते. आपली साधी सोल्डरिंग गन २५ वॉटची असते, म्हणजे डॅशबोर्डच्या आत जवळपास एक सोल्डरिंग गन चालूच! करंट मात्र वाढलेलाच नाही, उलट थोडा कमीच झालाय. मग फ्यूज कशाला उडेल? आणि उडत असेल म्हणून कुणी मोठ्या अँपिअरचा फ्यूज बसवून दिला, तर तो लगेच काढा. मग फ्यूजच्या आधी वायर जळते.

दुरुस्तीला बसण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मोबाईलवर कनेक्टरचा फोटो काढून ठेवा, कुठली वायर कुठे ते नंतर आठवत नाही. पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्या बहुतेक एअरबॅगच्या, त्यांना हात लावू नका. जळका कनेक्टर साफ करून परत लावणं म्हणजे वेळकाढूपणा, कारण तापलेल्या पिनेची पकड गेलेली असते. वायरसकट नवा कनेक्टर मिळतो, तो आणा. जुनी वायर तांबं लख्ख दिसेपर्यंत मागे कापा. नवी वायर तेवढ्याच जाडीची हवी, पातळ अजिबात नको. जोड थिंबल दाबून करा, वर हीट श्रिंक चढवा. नुसतं पिळून टेप गुंडाळणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. रेझिस्टर मात्र त्याच्या जागीच, हवेच्या डक्टमध्येच बसवा. वाहती हवा त्याला थंड ठेवते.

पण कनेक्टर जळला का, हे शोधल्याशिवाय काम संपत नाही. कधी मोटरमध्ये पालापाचोळा अडकतो, कधी तिचं बुश घासतं. मग ती जास्त करंट खेचते आणि नवा कनेक्टरही पुन्हा वितळतो. म्हणून मोटर काढून हाताने फिरवून बघा, मोकळी फिरली पाहिजे.

सगळं बसवलं की गाडी उघड्यावर उभी करून ब्लोअर चारवर १५ मिनिटं चालवा, मग कनेक्टरला हात लावा. कोमट असेल तर ठीक. बोट टेकवत नसेल तर मोटर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या आणि तिचा करंट मोजून मागा.