'तारतम्य' : व्युत्पत्ती, अर्थ आणि उपयोजन

प्रस्तावना :
योग्य निर्णयबुद्धीचा निर्देश करण्यासाठी मराठीत विवेक, सारासारविचार, पोच, तारतम्य असे अनेक शब्द आहेत. व्यवहारात ते बहुधा एकमेकांऐवजी योजले जातात. तथापि त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. त्यांपैकी 'तारतम्य' या शब्दाचे वेगळेपण कशात आहे व ते जपणे का आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्युत्पत्ती :
'तारतम्य' हा तत्सम शब्द 'तर' आणि 'तम' या दोन संस्कृत प्रत्ययांपासून सिद्ध झाला आहे. पाणिनीने 'अष्टाध्यायी'च्या पाचव्या अध्यायातील तिसऱ्या पादात हे प्रत्यय सांगितले आहेत. दोहोंची तुलना असता 'लघुतर' आणि अनेकांत सर्वाधिक असता 'लघुतम' अशी रूपे होतात. 'तरतम' याला भाववाचक प्रत्यय लागून व आद्य स्वराची वृद्धी होऊन 'तारतम्य' हे रूप बनते. अर्थात या शब्दाचा मूळ अर्थ 'कमीअधिकपणा' किंवा 'श्रेणी' असा आहे. मध्वाचार्यांच्या द्वैत वेदान्तात जीवांमधील श्रेणीभेदासाठी तो पारिभाषिक संज्ञा म्हणून येतो. हिंदीत तो क्रम वा सुसंगती या अर्थाने रूढ आहे. मराठीने मात्र वस्तूंतील कमीअधिकपणाबरोबरच तो ओळखणाऱ्या बुद्धीलाही हे नाव दिले.

विवेक आणि तारतम्य :
'विवेक' शब्दाच्या मुळाशी 'विच्' म्हणजे वेगळे करणे हा धातू आहे. 'नीरक्षीरविवेक' या शब्दात दूध आणि पाणी वेगळे करण्याची कल्पना आहे. नित्य आणि अनित्य, सत्य आणि असत्य अशा जोड्यांचा निवाडा विवेक करतो. तारतम्य त्याच्या पुढचा प्रश्न विचारते : किती?

कायद्यातील एका उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार चोरीला ३ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. परंतु चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, दोष प्रथमच सिद्ध झाला असेल आणि माल अथवा त्याचे मूल्य परत केले असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा सांगितली आहे. याउलट ५ किंवा अधिक व्यक्तींनी मिळून घातलेल्या दरोड्यास आजन्म कारावासही होऊ शकतो. ही तिन्ही कृत्ये अपराधच आहेत, हे विवेक सांगतो. त्यांना एकच शिक्षा नसावी, हे तारतम्य सांगते.

उपयोजन :
विवेकापासून 'विवेकी', 'अविवेकी' ही विशेषणे रूढ झाली. तारतम्यापासून तशी विशेषणे रूढ झाली नाहीत. हा शब्द 'बाळगणे', 'ठेवणे', 'सुटणे' अशा क्रियापदांसह येतो. यावरून असे म्हणता येईल की, मराठी भाषकाच्या दृष्टीने तारतम्य हा एकदा अंगी बाणून कायम राहणारा गुण नसून प्रत्येक प्रसंगी नव्याने बाळगावयाची गोष्ट आहे. थट्टेत, शिक्षेत, खर्चात आणि स्तुतीतही ते सुटू शकते. थट्टा करणे गैर नाही. परंतु कोणाची, कोठे व किती करावी, याचे भान नसेल तर 'तारतम्य नाही' असे म्हटले जाते.

समारोप :
सार्वजनिक चर्चेत किरकोळ चूक आणि गंभीर अपराध यांना एकाच मापाने मोजले जाते, तेव्हा बोलणाऱ्याकडे विवेक नसतो असे नाही. चूक ही चूकच आहे, हे त्याचे म्हणणे खरे असते. तेथे उणीव असते ती प्रमाणाच्या जाणिवेची. ती नेमकी दाखवणारा शब्द मराठीत आहे. त्याला 'विवेक' वा 'ताळमेळ' यांचा केवळ पर्याय मानल्यास ही उणीव ओळखण्याचे एक साधन भाषा गमावेल. म्हणून भाषाध्यापनात या शब्दांचे अर्थ सांगताना त्यांतील भेदही उदाहरणांसह स्पष्ट करणे अगत्याचे ठरते.