किती दरवाजे उघडले?

उल्हासनगरला स्वतःचे धरण नाही. मुख्यतः एमआयडीसीच्या बारवी धरणावर त्याची तहान भागते. एरवी नळाला पाणी कधी येणार एवढीच चौकशी असते. पण ऐन पावसात धरण भरत आले की उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापुरात प्रश्न बदलतो: दरवाजे उघडले का, आणि किती? खरे तर दरवाजे मोजून पाणी कळत नाही. विसर्ग ठरतो तो दरवाजा किती उचलला आणि मागे पाणी किती उंच उभे आहे यावर. समजा, 5 मीटर रुंदीचा दरवाजा 1 मीटर उचलला आणि फटीच्या मध्यावर 4 मीटर पाणी आहे. त्या दाबाने पाणी सेकंदाला जवळपास 9 मीटर वेगाने सुटते. फटीतून निघताना धार आकसते, म्हणून क्षेत्रफळ गुणिले वेग या हिशेबाचा साधारण 60 टक्के भागच धरायचा: सेकंदाला 26-27 घनमीटर, म्हणजे साडेनऊशेच्या आसपास क्युसेक. दरवाजा दुप्पट उचलला तर विसर्ग जवळपास दुप्पट होतो. मागची उंची दुप्पट झाली तर मात्र दीडपटही होत नाही, कारण वेग उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. बंधाऱ्याच्या माथ्यावरून मोकळे वाहणाऱ्या पाण्याची गोष्ट उलटी. तिथे थर दुप्पट झाला की विसर्ग पावणेतीन पटींच्याही वर जातो.

कोणी म्हणेल, बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, ठरावीक पातळीला आपोआप उघडतात. मग हा हिशेब कुणासाठी? उलट, अशा ठिकाणी पातळी हीच खरी बातमी. उंची वाढवल्यानंतर बारवीची पूर्ण पातळी 72.60 मीटर आहे. पाणी तिच्याजवळ कोणत्या वेगाने येते आहे हे कळले तर येणारा विसर्ग आधीच अंदाजता येतो. दरवाज्यांचे माप ठरवणारा अभियंताही पातळीपासूनच सुरुवात करतो: मोठ्यात मोठा पूर आला तरी पाणी धोक्याच्या रेषेखाली राहिले पाहिजे, आणि एखादा दरवाजा अडकला तरी उरलेल्यांनी निभावले पाहिजे. म्हणून मोजक्या अजस्र दरवाज्यांपेक्षा अनेक मध्यम दरवाजे बरे.

दुसरा आक्षेप असा की सामान्य माणसाला क्युसेक काय करायचे, भोंगा पुरे. पण पाणी कुठून येते आहे हे भोंगा सांगत नाही. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली, ती उल्हास नदीच्या पाण्यात. बारवी नदी तर उल्हासला बदलापूरच्या खालच्या अंगाला मिळते. म्हणून बारवी धरण सोडल्याची अफवा उठली तरी वांगणीकरांनी घाबरण्यात अर्थ नाही. कल्याणच्या खाडीकाठी मात्र क्युसेकच्या आकड्याशेजारी भरतीची वेळही छापायला हवी, कारण ओहोटीत सहज निघून जाणारे तेवढेच पाणी भरतीत तुंबते.