उलटा दांडा

अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांत छोटी बोट भाड्याने घेऊन स्वतः चालवायला परवाना लागत नाही. बोट पंधरा मीटरपेक्षा लांब असेल किंवा ताशी वीस किलोमीटरच्या वर पळणारी असेल, तरच कागद मागतात. भाड्याच्या, विजेवर चालणाऱ्या बोटी या दोन्ही मर्यादांच्या बऱ्याच आत असतात. म्हणून गिरणेच्या पाटात पाय सोडून बसण्यापलीकडे कालव्याशी संबंध न आलेल्या धरणगावच्या आम्हा नवरा-बायकोलाही बोट मिळाली. मुलगी शेजारच्या अ‍ॅम्स्टेलवेनला राहते. तिने बोट ठरवून दिली आणि म्हणाली, "तुम्ही दोघंच जा."

धक्क्यावरच्या पोराने अनामत रक्कम घेतली, नकाशा दिला, त्यातले बंदी असलेले भाग बोटाने दाखवले. उजव्या बाजूने चाला. प्रवासी बोटी मोठ्या असतात, त्यांना आधी जाऊ द्या. पुलावर लाल-पांढरी-लाल आडवी पाटी दिसली तर आत शिरू नका. एवढं सांगून त्याने माझा हात मागच्या दांड्यावर ठेवला. ब्रेक कुठे, असं विचारलं, तर म्हणाला, नसतो.

दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं. बैलगाडीत ज्या अंगाचा कासरा ओढावा त्याच अंगाला बैल वळतात; हाताला मुरलेली ती सवय इथे आधी सोडावी लागते. शिवाय वळताना खरी फिरते ती मागची बाजू. भिंतीला खेटून उभी असलेली बोट नुसता दांडा वळवून बाहेर काढू गेलं, तर तिची शेपूट भिंतीवर घासते. म्हणून आधी हाताने भिंत ढकलून अंतर घ्यायचं, मग दांडा. आणि मोटर बंद केली की वळणंही बंद. पाणी मागे फेकणारा पंखाच बोट वळवत असतो. अरुंद पुलाखाली भीतीने मोटर बंद केली, तर बोट ज्या दिशेने निघाली असेल त्याच दिशेने सरकत राहते. थांबायचं असेल तर पंखा उलटा फिरवायचा, तोही वेळेआधी.

खरी परीक्षा उशिराची असते. दांडा हलवला तरी बोट लगेच ऐकत नाही. तो मधला क्षण धीराने जाऊ द्यावा लागतो. तेवढ्यात आणखी ढकललं की बोट गरजेपेक्षा जास्त वळते, मग उलटं ढकलावं लागतं आणि सगळा प्रवास नागमोडी होतो. थोडं ढकला, हात स्थिर ठेवा, बघा.

ही पुढे बसली होती. मागे बसणाऱ्याला पुढचं अर्धंच दिसतं, त्यामुळे पुढच्याचे डोळे आणि मागच्याचा हात यांचं जुळावं लागतं. "डावीकडे घ्या" हे सांगणं इथे कुचकामी आहे. दांडा डावीकडे की बोट डावीकडे, याचा उलगडा होईपर्यंत जागा निघून जाते. ते हिच्या माझ्याआधी ध्यानात आलं. तिने डावं-उजवं सोडलं आणि ठिकाण सांगायला लागली. "अहो, त्या हिरव्या दाराकडे." "आता पुलाच्या मधल्या दगडाकडे." "थांबवा, लांबडी बोट येतेय." त्यानंतर गोंधळ झाला नाही. दोन माणसांनी एक काम करताना बोलायचं कसं, ही गोष्ट इतकी उघडपणे मला दुसरीकडे कुठे दिसली नव्हती.

रेग्युलियर्सग्राख्टच्या तोंडाशी एकामागे एक सात पूल सरळ रेषेत दिसतात. लोक तिथे फोटो काढायला थांबतात, आम्हाला मात्र कोपऱ्यावरून भोंगा ऐकू आला आणि काचेची प्रवासी बोट निम्मा कालवा अडवून वळली. शहराच्या मध्यभागी वेगाची मर्यादा ताशी सहा किलोमीटर आहे, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढी. तरीही पाण्यावर तो वेग पुष्कळ वाटतो.

बोटीतून वर पाहिलं की या शहराचा हेतू कळतो, तो रस्त्यावरून कळत नाही. घरं अरुंद आणि उंच, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या माथ्यावर पुढे आलेली तुळई, तिला आकडा. छोट्या बोटींतून आलेला माल दोराने थेट वरच्या कोठीत ओढून घ्यायचा. हेरेनग्राख्ट, कायझर्सग्राख्ट, प्रिन्सेनग्राख्ट हे तीन मोठे कालवे 1613 पासून खोदत गेले. हे सगळं 2010 मध्ये जागतिक वारसा ठरलं. मुळात मात्र ते व्यापाऱ्याच्या दारापर्यंत बोट नेण्याचं काम होतं. डच ईस्ट इंडिया कंपनी 1602 ची, तिची वखार सुरतेला होती. आणि इंग्रजांनी 1674 मध्ये आमच्या धरणगावात वखार घातली, कारण खानदेशचं कापड. ती पुढच्याच वर्षी मराठ्यांनी लुटली. घरांच्या माथ्यावरच्या त्या आकड्यांकडे बघताना मला आमच्या गावचे कापडाचे गठ्ठे आठवत राहिले.

प्रिन्सेनग्राख्ट पूर्वेला आम्स्टेल नदीला मिळतो. तिथे नदीवर जुनी जलद्वारं आहेत, 1670 च्या दशकात बांधलेली. साचलेल्या कालव्यांना तेव्हा असह्य घाण वास येई. योहानेस हुडे हा गणिती त्या काळात नगराध्यक्ष होता. पाण्याची पातळी मोजून ठेवायची आणि दारं उघडून-मिटून शहरातलं पाणी खेळतं ठेवायचं, या कामाला त्याने शिस्त लावली. पातळीच्या खुणेसाठी जलद्वारांत संगमरवरी दगड बसवले. आजही ठरलेल्या रात्री दारं मिटून कालव्यांत ताजं पाणी सोडतात. हे मी नकाशामागची माहिती वाचत सांगत होतो, तर ही म्हणाली, "म्हणजे इथेही पाटकरी आहेच." आहेच. आमच्या खानदेशात पांझरा नदीच्या फडांवर बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं आणि कुणाच्या वावराला कधी जायचं हे पाटकरी सांभाळतो. पाट खोदणं एकदाच होतं, पाणी सांभाळणं रोजचं असतं. अ‍ॅमस्टरडॅमचं कौतुक करायचं तर माझ्या मते त्या पुलांपेक्षा या रोजच्या कामाचं करावं.

परतताना दांडा तिने घेतला. मी पुढे बसून ठिकाणं सांगितली. धक्क्याला लागणं हे सगळ्यात अवघड काम. भिंतीकडे तिरकं, अगदी सावकाश यायचं, नाक टेकण्याआधी पंखा उलटा, म्हणजे बोट भिंतीशी हळूच थांबते. तिने पंखा लवकर उलटा केला, वाट बघितली, पुन्हा थोडा पुढे. रबराची गादी भिंतीला दबली. मी दोर खुंट्याला टाकला. पोराने बोटीच्या दोन्ही बाजू वाकून तपासल्या, नकाशा परत घेतला आणि अनामत तिच्या हातात दिली.