किल्ली खुंटीवर, मासिक हातात

महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे कापूस-सोयाबीनचे गाव. अशा गावांतील एका पिढीने राजदूत, येझदी वा बुलेटवर बसून शेत, बाजार आणि तालुका जवळ आणला. ती पिढी आज सत्तरीपलीकडे आहे. पुण्यात शिकणारा नातू सुट्टीत मोटारसायकलींचे एखादे जुने मासिक घेऊन येतो आणि आजोबा दुपारभर ते खाली ठेवत नाहीत. ‘आता गाडी चालवायची नाही, मग हे कशाला?’ असे आपणही कधी म्हटले असेल.

तसे म्हणू नये. मोटारसायकलस्वाराचे वाचन निराळे असते. मुंबईत १९९८ साली सुरू झालेले ‘ओव्हरड्राइव्ह’ असो की पुण्याचे ‘बाइक इंडिया’, तो पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी आकड्यांचा तक्ता गाठतो. इंग्रजी मजकूर जड गेला तरी आकडे ओळखीचेच असतात. प्रत्येक नवी गाडी तो मनातल्या जुन्या गाडीशी ताडून पाहतो, आणि सहसा नवीच हरते! या वाचनात स्मरण आहे, तुलना आहे, मतभेदही आहे. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या माणसाजवळ एवढे उरले असेल, तर ती रद्दी नव्हे.

जे अजून गाडी चालवतात, त्यांनी मात्र तक्ता वेगळ्या नजरेने वाचावा. वेगाचा रकाना सोडून वजनाचा आणि आसनाच्या उंचीचा पाहावा. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोंची, तर क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोंची. चालताना हा फरक जाणवत नाही. चिखलात थांबून पाय टेकताना तो कंबरेला कळतो.

आता डोळ्यांविषयी. वयानुसार बाहुली आकुंचन पावते, भिंग पिवळसर होते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून मासिक वाचताना दिवा समोर न ठेवता बाजूने, खांद्यामागून यावा. गुळगुळीत कागदाची चमक त्याने टळते. तरीही अक्षरे विरघळत असतील, दिव्याभोवती वलये दिसत असतील, तर मोतीबिंदूची तपासणी लांबवू नये. जो डोळा कागदाच्या चकाकीने दिपतो, तोच रात्री महामार्गावर समोरच्या ट्रकच्या झोताने दिपणार आहे.

कायद्यानुसार चाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि पंचावन्नीनंतर ते पाच-पाच वर्षांपुरतेच होते. माझ्या मते या वयात पाच वर्षेही फार झाली. डोळे दरवर्षी तपासावेत.

मुलांनो, सुनांनो, किल्ली लपवू नका. त्याने अपमान होतो आणि दुसरी किल्ली निघते. आधी रात्रीचा प्रवास थांबवा, मग महामार्ग; गावातली फेरी हेल्मेट घालून काही काळ राहू द्या. हा विषय जेवताना काढू नका. दुपारी मासिक उघडे असताना शेजारी बसा, तक्त्यावर बोट ठेवा आणि विचारा, “बाबा, आपल्या राजदूतपेक्षा ही जड आहे का हो?” उत्तर लांबेल. लांबू द्या. बोलता बोलता ते स्वतःच सांगतील की मागच्या पावसाळ्यात ओढ्याजवळ गाडी कशी घसरली होती, आणि घरात कुणाला का सांगितले नाही.